थर क्र. २१७

ऑक्टोबर. तुर्कू. ऑरा नदीपासून तीस पावलं,
जिथे पुढच्या वर्षी दुमजली पार्किंग होणार आहे.
खड्ड्यात आम्ही तिघं, डोक्यावर पत्रा,
गुडघ्यांखाली स्पंजचे तुकडे.

२१६ काल संपला : विटांचा चुरा, जळकं लाकूड,
एका मोठ्या आगीचं सगळं सामानसुमान.
त्याखाली हा. काळपट, जाड,
काही बोलायचंच नाही असं ठरवून बसलेला.

थापीनं खरवडायचं, आपल्याकडे ओढत,
उघडं केलेलं न तुडवता मागे सरकत.
पुढे जायचं असेल तर इथे मागेच जावं लागतं,
हे आइनिक्कीला पहिल्या दिवशी सांगितलं
तेव्हा ती हसली होती. आज दुसरा दिवस.
"एक बटणसुद्धा नाही," म्हणते.

फॉर्म विचारतो : रंग?
मी रंगांची वही काढते, पानाच्या भोकाआड
ओलं ढेकूळ धरते. जुळतो एक तपकिरी,
त्याला आकडा आहे, नाव नाही.
पोत? चिमूटभर माती थुंकीत मळते,
तळहातावर सुरळी वळते. वाकवली की तुटते.
म्हणजे चिकण कमी, पोयटा जास्त.
समाविष्ट वस्तू? कोळशाचे कण.
माशांचे काटे, पुष्कळ. चेरीची एक बी.
खापऱ्या सात, एकही नखाहून मोठी नाही.
हाडाची सुई एक, नेढं मोडलेली.
जाडी? बेचाळीस सेंटिमीटर.
अन्वयार्थ?

तिथे पेन्सिल थांबते.

उर्पो चाळणीवरून उठून येतो.
त्यानं पारायनेनला चाळीस वर्षं काकड्या पिकवल्या,
आता पेन्शनीत आमच्याकडे फुकट राबतो.
मूठभर उचलतो, चुरतो, नाकाशी नेतो,
आणि डोळे मिटतो, जसे लोक कॉफीपाशी मिटतात.

"ही साठलेली नाही. केलेली आहे.
आईचा वाफा असाच होता. हेरिंगची मुंडकी,
चुलीची राख, समुद्रातलं शेवाळ,
आणि सोनखत, ते रात्री, शेजारी झोपल्यावर.
दहा वर्षांत बोटभर चढते माती.
तेही दरवर्षी न चुकता घातलं तर."

मी समासात हिशेब मांडते.
एकवीस बोटं. दोनशे दहा वर्षं.
कोणाच्याच नावे काही नाही, फक्त मुंडकी आणि राख,
दरवर्षी, न चुकता.
आइनिक्की थापी टेकवून बसलेली. बटणाचं काही बोलत नाही.

तळ लागला शुक्रवारी.
पिवळ्या चिकणमातीत काळे चंद्रकोरी घाव :
फावडं इथवर पोचलं होतं, पहिल्यांदाच,
जेव्हा वर अजून काहीच नव्हतं.
सगळे एकाच बाजूला कललेले.
उर्पोनं शेजारी, जपून, आपला बूट ठेवून पाहिला.
उजवा बसेना. मग डावा.
"डावरा होता," म्हणाला. "किंवा उजवा पाय दुखत होता."
फॉर्ममध्ये दुखण्याला रकाना नाही.
मी घाव मोजले, एकतीस. एकास दहा प्रमाणात काढले.
पाणी न पिणाऱ्या कागदावर नाकातून गळलेला थेंब
तसाच गोल उभा राहिला.

आता थर कुठेच नाही.
तो बघायचा तर संपवावाच लागतो,
आणि संपवला तो मी, एक पृष्ठ पाठपोट भरून.
उरलेली माती ट्रकनं बंदराकडे गेली, भरावाला.
मातीमोल म्हणतात ती हीच.

जायच्या आधी उर्पो बादल्यांपाशी घुटमळला.
दोन रिकाम्या होत्या. त्यानं काही मागितलं नाही.
मीही काही दिलं नाही, छायाचित्रांची यादी तपासत
पाठ करून उभी राहिले, बराच वेळ.

प्रयोगशाळेला दोन बादल्या गेल्या.
मी लिहिलं : नमुने, चार.
अन्वयार्थ : बाग.
खाली तारीख, सही,
आणि अंगठ्याचा डाग, ज्याचा आकडा
वहीत पाहून मला सांगता येईल.