हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की सोहारमध्ये
हबीबुर शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत
आमची गिनती होते.
शुक्रवारी, नमाज सुटल्यावर, अडीच वाजता.
लोखंडी कपाट, टेबल, बशीर मुलाणीनं बंदरावरून आणलेल्या
पाच प्लास्टिकच्या खुर्च्या.
बाकीचे कापडाच्या ताग्यांवर बसतात.

माजी सैनिक संघटना, सभासद एकतीस.
मी चिटणीस. पलटणीत क्लार्क होतो,
चोवीस वर्षांत गोळ्यांपेक्षा शाई जास्त खर्च केली,
म्हणून रजिस्टर माझ्याकडे.

एकेक जण येतो
आणि आपण जिवंत असल्याचं सिद्ध करतो.
पेन्शनसाठी सरकारला वर्षातून एकदा
एवढंच हवं असतं.
फडतरे येतो, मॉलच्या दारावरचा.
तिथं पोरं गंमत म्हणून त्याला सलाम ठोकतात
आणि तो उलट ठोकतो, कडक,
हातातल्या ट्रॉलीसकट.

गल्लीत कुणाचा पासपोर्ट कफीलनं दाबून ठेवला,
कुणाचा तीन महिन्यांचा पगार बुडाला,
कुणाची बहीण कामाच्या घरातून पळून मशिदीच्या पायरीवर बसली,
की लोक म्हणतात, मिलिटरीवाल्यांकडे जा.
आमच्याकडे वशिला नाही.
आम्हाला फॉर्म भरता येतो
आणि रांग येते.
सकाळी पाचपासून दुपारी एकपर्यंत,
न बसता.

मार्चात नरसिंहुलू परातीवरून पडला.
निजामाबादकडचा, वय सव्वीस, पालखी बांधणारा.
कंपनी म्हणाली, बघू.
बघू म्हणजे शीतघरात अकरा दिवस.
सभेत इंगवल्यानं घटना वाचून दाखवली, कलम चार:
निधी फक्त माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी.
इंगवले वाईट माणूस नाही. त्याला कलमं पाठ आहेत, इतकंच.
कुणी काही बोललं नाही.
पुढच्या खोलीत शिलाई मशीन
चालायचं, थांबायचं, चालायचं.

मग यशवंत कांबळे म्हणाला,
निकमसाहेब, हुद्दा काय लिहिताय?
मी म्हटलं, कुणाचा?
म्हणाला, शिपाई लिहा.

आयुष्यात मी खोटी नोंद केली नव्हती.
कोतातल्या रायफली, लंगरातलं पीठ,
रमच्या बाटल्यासुद्धा जितक्या तितक्याच.
त्या दिवशी लिहिलं:
शिपाई नरसिंहुलू. पलटण, आणि पुढं रेघ.
इंगवल्यानं पहिले वीस रियाल टेबलावर ठेवले
आणि पावती मागितली.

मस्कतच्या कार्गो शेडमध्ये आम्ही चौघं गेलो.
खोका फोर्कलिफ्टवर चढला, टोमॅटोच्या क्रेटांशेजारी.
हुकूम कुणी दिला नाही.
टाचा आपोआप जुळल्या.
चपला होत्या पायांत, आवाज झाला नाही.

आज गेनबा ढेंबऱ्याचा नंबर.
स्मेल्टरच्या गेटवर बारा तास ड्यूटी,
वर रात्री सिमेंटची पोती, दोन लेकींच्या शिक्षणासाठी.
अंगठा मशीनवर ठेवला. नोंद जुळत नाही.
पुसून ठेवला. थुंकी लावून ठेवला.
दुसरा ठेवला. जुळत नाही.
सिमेंटनं रेषाच खाऊन टाकल्यात,
हातात घेतला तर नदीतल्या गोट्यासारखा लागला.
चेहरा दाखवून पाहिला, कॅमेऱ्यालाही पटेना;
रेकॉर्डातला गेनबा मिशीवाला, भरल्या गालांचा.

म्हणाला, मग मी मेलो म्हणायचं का साहेब?
सगळे हसले. तोही हसला,
पण हात मशीनवरून काढला नाही.

कागद घेतला. जुन्या पद्धतीनं लिहिलं:
सदर इसम आज रोजी
माझ्यासमोर समक्ष हजर होता.
वकिलातीत चालेल की नाही, माहीत नाही.
नाही चाललं तर रविवारी पुन्हा मस्कत, पुन्हा रांग.
पॅडवर दाबून त्याचा अंगठा घेतला:
निळा ठिपका, आत काही नाही.

तेवढ्यात पडदा सारून हबीबुर ओरडला,
शाईचे हात ताग्याला लावू नका,
पांढरं कापड आहे,
उद्या द्यायचंय, लग्नाचं आहे.
गेनबा तसाच उभा राहिला,
अंगठा वर धरून.