रोप जगलं नाही, हे कळवण्यासाठी

प्रति,
उद्यान विभाग, हिरोशिमा.
तोकुनागासान,
जावक क्रमांक घातला आहे, म्हणजे पत्र सरकारीच;
पण भाषांतर करणारी मुलगी रजेवर आहे,
म्हणून साधी वाक्यं लिहिते, मोडली तरी दुखणार नाहीत अशी.

तुम्ही पाठवलेलं गिंको
सेमेयच्या पहिल्याच हिवाळ्यात गेलं.
उणे एकेचाळीस.
तेमिरगालीने, आमच्या पाण्याच्या टँकरच्या ड्रायव्हरने,
घरातला नमदा त्याच्याभोवती गुंडाळला होता,
बायकोला न विचारता.
एप्रिलमध्ये सोडून पाहिलं
तर वीतभर काडी, आत कोरडी.

तुम्ही लिहिलं होतं, या झाडाची आई
त्या सकाळी जळली आणि वसंतात पुन्हा फुटली.
मला वाटलं, जे आगीला पुरून उरलं
त्याला आमचा बर्फ काय करणार.
हीच चूक मी माझ्या आईबद्दल केली होती.

ऊल्मेकेन तिचं नाव. नऊ वर्षांची होती तेव्हा.
शिपाई आले, म्हणाले, बाहेर पडा,
चरात पालथे झोपा, वर बघू नका.
सगळे झोपले.
ती बघत राहिली.
काय दिसलं, विचारलं की सांगायची: मेंढ्या.
फक्त मेंढ्या.
सगळ्यांच्या सावल्या एकदम एका दिशेला पळाल्या,
मेंढ्या मात्र जागच्या जागी.

तिच्या रक्तात जे शिरलं ते साठ वर्षं गप्प होतं.
मग बोललं, आणि पंधरवड्यात आटोपलं.

असो. हे विषयात बसत नाही.

यंदा ईपरहून गोडेलिव्हबाईंचा तक्ता आला,
तुम्हालाही आला असेल, सगळ्या शहरांना तोच:
भाजलेल्यांसाठी तुमच्या इस्पितळात खाटा किती?
मी फोन केला.
नऊ, म्हणाली परिचारिका, पण दोन खाटांचे पाय मोडलेत,
विटा लावल्यात.
शहर तीन लाखांवर.
मी तक्त्यात नऊ लिहिलं, मग खोडून सात,
मग विटांचा विचार करून पुन्हा नऊ.
कुठल्याशा बंदरगावाने म्हणे
त्या रकान्यात नुसती रेघ ओढून पाठवली.

गोडेलिव्हबाईंना त्यांच्या राजधानीने विचारलं:
बॉम्ब हा नगरपालिकेचा विषय आहे काय?
त्यांनी नियमावली काढली.
जन्माची नोंद आमच्याकडे.
नळ, गटारं, पहाटेचा कचरा आमच्याकडे.
दफनभूमी, कलम अमुक पोटकलम तमुक,
संपूर्णपणे आमच्याकडे.
तेवढंच लिहिलं, खाली सही.
उलट टपाल अजून नाही.

मी ते पत्र टाचून ठेवलं आहे, बर्फ उपसण्याच्या वेळापत्रकाशेजारी.
गेल्या आठवड्यात वेळापत्रक बदललं,
पत्र तसंच आहे.

सोबत पाकीट: इर्तिशकाठच्या आमच्या पाइनच्या बिया, चाळीस.
हे रान वाळूत उभं आहे, आणि त्या वर्षांत वारा
कधी कुठून वाहिला, ते आम्हाला कोणी विचारू दिलं नाही.
म्हणून बिया प्रयोगशाळेत तपासून घेतल्या. दाखला जोडला आहे.
तुम्ही संकोचाने विचारणार नाही, हे ठाऊक आहे.
तुमच्याकडे दमट उकाडा, यांना तो मानवेल असं नाही.
जगल्या नाहीत तर असंच कळवा,
गोड करून नको.

आणि गिंको पुन्हा पाठवा.
या खेपेला बॉयलरखोलीच्या भिंतीला लागून लावू,
तिथे मांजरीसुद्धा जानेवारी काढतात.
तेमिरगालीची बायको दोनदा विचारून गेली, रोप केव्हा येणार.
नमदा तिने धुऊन
दोरीवर घातला आहे.

आपली,
कुल्याश, हरितपट्टा विभाग, सेमेय

ता. क.
काडी फेकली नाही.