वजा

जतच्या अलीकडे, फाट्यापासून आत सहा किलोमीटर
आमचं सबस्टेशन. तेहतीस-अकरा.
एक खोली, चार पॅनेल, हात मोडलेली खुर्ची,
बाहेर खडीवर दोन ट्रान्सफॉर्मर.
त्यांची गुणगुण मला ऐकू येत नाही आता.
थांबली, तरच ऐकू येते.

एकोणीस वर्षं मी तासातासाला आकडे लिहिते:
व्होल्ट, अँपिअर, तेलाचं तापमान,
सिलिका जेल निळं की गुलाबी.
आठवड्यातून चार रात्री
दहाला शेतीचा फीडर चालू.
शिवारभर ऑटो एकदम उठायचे,
शेकडो मोटारी एका दमात हंबरायच्या,
काटा असा झेपावायचा
की मी टेबलाची कड धरायचे.
कधी ब्रेकर पडायचा.
मग फोन.

सिदगोंडा बिरादार. डाळिंब दोन एकर, द्राक्ष पाऊण.
रात्री दोनला, न चुकता:
"मॅडम, आली काय वो?"
"येतीय. पाच मिनिटं."
पाच मिनिटं म्हणजे किती
हे त्याला ठाऊक, मला ठाऊक.
फोनमधून ऐकू यायचं त्याचं चिखलातलं चालणं,
पुढं आपटत जाणारी काठी.
एकदा काठी थांबली.
बराच वेळ नुसता श्वास.
मग हळूच, "लांबडं हाय. तुम्ही बोलत ऱ्हावा."
मी काय बोलणार?
समोरचे अँपिअर वाचत गेले,
बेचाळीस, बेचाळीस, एकेचाळीस,
जणू कुणाला झोपवतेय.
"गेलं," तो म्हणाला.
त्या तासाचा रकाना कोराच राहिला.

मग गायरानात माणसं आली, टेप घेऊन.
म्हाकुबाई हाके मेंढरांसकट तीन दिवस
खांबांच्या खड्ड्यांपाशी उभी राहिली.
चौथ्या दिवशी तिनं वाट बदलली.
याची नोंद कुठं करतात, मला माहीत नाही.

काळ्या-निळ्या पाट्या लागल्या, ओळीत,
सगळ्यांची मान दक्षिणेला.
आमचा वायरमन रेवण ऐवळे खांबावरून उतरला,
हातमोजे काढत म्हणाला,
"आधी मरण एका बाजूनं यायचं.
सबस्टेशन बंद, की मी निर्धास्त.
आता उन्हाकडनं परमिट कोण आणणार?"
हसला. पण त्या दिवसापासून
दोन्हीकडं अर्थिंगची साखळी टाकल्याशिवाय
तारेला बोट लावत नाही.

मार्चात, दुपारी साडेबाराला,
मीटरच्या आकड्याआधी एक आडवी रेघ दिसली.
वाटलं, काचेवर काडी चिकटलीय.
ओढणीनं पुसली.
रेघ तिथंच.
साहेबांना फोन लावला: "मीटर बिघडलंय."
"नाही बिघडलं. गावातनं उलटी यायला लागलीय वीज.
लिहा."
लिहा म्हणजे कुठं?
छापील तक्ता जुना,
वजाला त्यात जागा नाही.
एकोणीस वर्षं या गावानं नुसतं मागितलं,
तारेनं, फोननं, एकदा मोर्चानं,
आणि आज, कुणी न बोलता,
उंबऱ्यात काहीतरी आणून ठेवलेलं.
मी पेनानं रेघ काढली. जरा लांबच निघाली.

एवढंही सोपं नाही म्हणा.
ढग आला की आकडे उतरतात,
पाट्यांवर धूळ बसते, धुवायला टँकर लागतो,
आणि या खोलीतली रात्रीची ट्यूब अजून
कुठल्या तरी लांबच्या कोळशावरच जळते.

पण पाणी आता दिवसा.
दहाला सकाळी मोटारी उठतात, बायकाही जातात दारं धरायला.
माझी रात्रपाळी गप्प झालीय.
पाल, घड्याळ, मी.

परवा दोनला फोन वाजला.
मी दचकले. फीडर बंद, तक्रार कसली?
"काय झालं, सिदगोंडा?"
"काय न्हाई. जाग आली. सवं हाय न्हवं."
थोडा वेळ दोघंही गप्प.
"किती हाय आकडा?"
मी उठून पॅनेलपाशी गेले, नीट बघितलं.
"शेतीचा शून्य."
"बरं."
फोन त्यानं ठेवला नाही. मीही नाही.
बाहेर ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता,
आणि खरंच सांगते, ऐकू येत होता.