गोकाकचा सात

इरप्पा मेळवंकी, मिल चाळ, खोली नऊ, गोकाक फॉल्स.
तुमचं एवढंच मला वाचता येतं,
तेही तुम्ही पत्त्यासाठी इंग्रजी रबरी शिक्का मारता म्हणून.
बाकी सगळे आकडे.
५२५४, तुम्ही लिहिलंत.
५७५५, मी.
निपाणीहून तुमच्याकडे चार दिवस.
माझ्या कार्डावर वखारीचा खाट बसलेला असतो,
चाल वाचायच्या आधी तुम्हाला शिंक येत असेल.

दुसऱ्याच चालीला तुमचा सात मला दोन वाटला.
दोन-एकवरचा घोडा सहा-तीनवर?
एवढी उडी कुठल्याच घोड्याला येत नाही.
लाल पेन्सिलीनं गोल करून कार्ड परत धाडलं.
तुम्ही सात पुन्हा काढलात, बोटाएवढा,
आणि शेजारी सात ठिपके.

बोर्डांना डांबर फासलं त्या पंधरवड्यात
गाड्या बंद, डाक बंद.
असले दिवस घड्याळात धरावेत का,
नियमांच्या पुस्तकात काही नव्हतं.
मी धरले नाहीत. तुम्हीही नाही.

एकतिसाव्या कार्डावर एक आकडा खोडलेला.
दिव्यासमोर धरला.
हत्तीची चाल. ती टाकली असतीत
तर पाच कार्डांत माझा राजा आडवा.
तुम्ही ती खोडून वजीर मागे घेतलात.
का, ते विचारायला
माझ्याकडे आकडे नाहीत.

मग वजीर गेले, हत्ती गेले.
उरले उंट, तुमचा पांढऱ्या घरांतला,
माझा काळ्या.
दोन महिने एकाच पटावर
एकमेकांच्या शेजारून गेले,
धक्का लागायचा प्रश्नच नाही.
आणि मधोमध ती दोन प्यादी,
पहिल्या दिवशीचीच,
नाकाला नाक लावून.

चौदाव्या महिन्यात तुमच्या कार्डावर नुसतं =
मीही तेच काढलं,
पट्टी न धरता, जरा तिरकं.

मंजुळा म्हणाली, आता तरी स्टूल मोकळं करा.
केलं.
कल्लाप्पा पोस्टमन सायकलवरूनच मान हलवतो,
दारात थांबत नाही.

परवा वजनाच्या चिठ्ठ्यांमागे गिरवत बसलो,
सतरा चिठ्ठ्या वाया गेल्या.
या खेपेला पांढरी माझी.
प्यादं नको, घोडा काढतो.
७१६३.
सात तुमच्या वळणाचा आहे.
शेजारी ठिपके दिलेत,
मोजून घ्या.