पूर्ण नाव

जेलरोडला माझं दुकान, आठ बाय दहा.
झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.
मशीन सातपूरच्या बंद पडलेल्या कंपनीतलं,
किलोवर नाही, पण जवळपास भंगाराच्याच भावात.
विंडोज त्याला पेलवेना. तौसिफने वडाळा नाक्याहून येऊन
एका दुपारी लिनक्स टाकलं
आणि दोन चहा, पावशेर चिवडा एवढ्यावर फिटला.

तेव्हापासून मशीन चालतं.
ब्राउझर चालत नाही.

म्हणजे चालतो, त्याच्या मनात आलं तर.
चार टॅबला पंखा घरघरतो,
पाचव्याला सगळंच गोठतं,
गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं
आणि मी उगाच माउस आपटतो.
प्रिंट दिली तर पानाचा उजवा काठ खातो.
अपडेट आलं की मराठीची हाडं मोडतो:
परवा त्र्यंबकेश्वरचे चार तुकडे,
र एकीकडे, य लोंबकळणारा,
मध्ये ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ,
दात पडलेल्या तोंडासारखं.

काल हरसूलहून यमुना भोये आली.
शिष्यवृत्तीचा शेवटचा दिवस,
परतीची शेवटची एसटी साडेसहाला,
घड्याळात पावणेपाच.
साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे दाखले.
पान उघडलं. पान म्हणालं:
आपला ब्राउझर मान्य नाही.
कृपया योग्य प्रणालीवरून यावे.

योग्य हा शब्द मी तीनदा वाचला.

तौसिफला फोन लावला.
"आत काही विचारलं का त्याने?"
"नाही रे. दारातूनच हाकललं."
"मग नाव बघितलं असेल.
ते तपासत काहीच नाही, फक्त विचारतं, कोण आलंय.
आणि आपला ब्राउझर भोळा, खरं सांगून बसतो.
खोटं सांगायला लाव.
अरे, सगळेच ब्राउझर पहिल्यापासून
दुसऱ्याचं नाव लावत आलेत."

सेटिंगमध्ये एक ओळ.
लिनक्स खोडलं, विंडोज लिहिलं.
तेच मशीन, तोच पंखा, तोच मी.
पान म्हणालं, आपले स्वागत आहे.

यमुनाने विचारलं, "मग मघाशी का नाही झालं?"
मी म्हटलं, नेट स्लो होतं.

खरं सांगायचं तर
गंगापूर रोडची ती खोली सांगावी लागली असती.
तिसरा मजला, पाणी चोवीस तास,
खिडकीतून लांबवर रामशेज.
काका म्हणाले, मुलगा सज्जन वाटतोस.
मग म्हणाले, पूर्ण नाव?
मी पूर्ण नाव सांगितलं.
खोली कालच गेली होती.

पुढच्या वेळी, दुसऱ्या गल्लीत,
मी वडिलांच्या नावाशीच थांबलो.
चावी मिळाली.
अकरा महिने पोस्टमनची सायकल वाजली
की जिन्यात मीच आधी.

तौसिफचं तर पहिल्याच नावाशी अडतं.
हे तो कधी बोलला नाही, मीही विचारलं नाही.
फोन ठेवताना एवढंच म्हणाला,
"काम झालं की नाव परत बदल हां,
नाहीतर डाउनलोड सगळं विंडोजचं देत बसेल."

पावणेसहाच्या रिक्षाने यमुना सीबीएसकडे गेली,
हातात पावती, उजवा काठ खाल्लेली,
अर्ज क्रमांकाचा शेवटचा आकडा
मी पेनाने लिहून दिलेला.

शटर ओढण्याआधी ती ओळ पुसली.
मशीनला त्याचं नाव परत दिलं
आणि वीजबिल भरायला बँकेचं पान उघडलं.
मान्य नाही, बँक म्हणाली.
माहीत आहे बाई, म्हटलं,
दिवा घालवला.
पंखा अजून थोडा वेळ फिरत होता.