अडीच तास

कंधार आगारात परत रुजू झालो तेव्हा
मोईनभाईनं चहा सांगितला अन् विचारलं,
"काय पाहिलं रशियात?"
म्हणालो, सुझदल. अडीच तास.

इवानोवोहून बस. सुटायची वेळ आठ पन्नास,
सुटली आठ पन्नासला.
बत्तीस वर्षं मी माईकवर वेळा सांगतोय,
असलं काही पाहिलं नव्हतं.

अश्लेषा पुढं, मी मागं,
तिच्या मैत्रिणीच्या भावाचा कोट घालून.
निळे घुमट, त्यांवर सोन्याच्या चांदण्या ठोकलेल्या,
भर दिवसा.
नदीचं नाव तिनं दोनदा सांगितलं, कामेंका.
आपल्या मन्याडीपेक्षा लहानच, पण गोठलेली.
एक कुत्रं वरून चालत पलीकडं गेलं,
पाय न भिजवता.

तट मातीचा. मी म्हणालो,
आपल्या किल्ल्याला खंदक आहे, पाण्याचा.
"तुम्ही आत कधी गेलात, पप्पा?"
गेलो नव्हतो.
रस्ता मात्र हजारो लोकांना दाखवला.

पुलाजवळ एक म्हातारी, डोक्याला रुमाल घट्ट,
बरणीतल्या खारवलेल्या काकड्या विकत होती.
मी म्हणालो, वाळूक!
तिनं मान हलवली, माहीत असल्यासारखी.
एक चाखायला दिली, शेपूच्या वासाची.
पैसे दोनांचे घेतले.

मग लाकडी घरं. प्रत्येक खिडकीच्या चौकटीला नक्षी,
कुणी झालर शिवून लावावी तशी.
मी फोटो काढत सुटलो,
हिरवी खिडकी, निळी खिडकी,
आत मांजर बसलेली एक.
अश्लेषा खोकत होती.
म्हणाली, चुलींचा धूर आहे.
मी म्हणालो, असेल,
जरा बाजूला हो, चौकट झाकतेय.

घरी तिच्या आईनं फोटो पाहिले,
बोटानं एकेक सारत.
चांदण्यांपाशी थांबली नाही.
काकडीपाशी हसली.
एकेचाळीस खिडक्या संपल्यावर
चष्मा काढला अन् म्हणाली,
"तिच्या खोलीत ऊन येतं का?"

होस्टेलात पालकांना वर सोडत नाहीत.
खाली बाकावर बसवतात, बुटांवर प्लास्टिक चढवून.
हे सांगितलं मी.
"बाहेरून तरी?"

बाहेरून दिसली असती.
चौथा मजला.
कोणती, एवढंच विचारायचं होतं.

आता साडेदहाची नांदेड फलाटाला लागली
की मी घड्याळ पाहतो. तिकडं आठ.
अडीच तास मागं आहे पोरगी.
इथं ऊन केळीच्या गाड्यावर, पत्र्यावर,
मोईनभाईच्या स्टेअरिंगवर;
चटका बसतो म्हणून तो त्यावर टॉवेल टाकतो.

काल फोन केला.
म्हटलं, खिडकी कोणत्या बाजूला आहे गं तुझी?
"भिंतीच्या. का?"
असंच. आई विचारत होती.
मग तिकडून काहीतरी आवाज आला,
हसली, की खोकली,
तेवढ्यात मुखेड लागली,
मला माईक घ्यावा लागला.