शेरा

बफेलो शहरातलं हे कॉलेज
पूर्वी बुटांचं गोदाम होतं.
जिन्यात अजून चामड्याचा वास येतो,
असं डीन म्हणाले. मला आला नाही.
आम्ही तिघं, तीन दिवसांसाठी.
खोलीत अकरा फायली, एक थर्मास,
आणि तपासायला एम.बी.ए., संध्याकाळचं.
विद्यार्थी एकोणचाळीस.

सिरॅक्यूजला सव्वीस वर्षं मी ताळेबंद शिकवले.
आकडा खोटं बोलू लागला
की त्याचा आवाज बदलतो, मला ऐकू येतो.
इथले आकडे खोटे नव्हते.
थोडे होते, इतकंच.
पूर्णवेळ प्राध्यापक चार. ग्रंथालय शनिवारी बंद.
पदवीनंतरची पगारवाढ अशी
की सरासरी काढायला संकोच वाटावा.
'ध्येय आणि उद्दिष्टं' या पानावर मात्र
'जागतिक नेतृत्व' सात वेळा.
पेन्सिलीनं मोजलं मी.

दुसऱ्या संध्याकाळी वर्गात मागे बसले.
ओडेल पेटवे शिकवत होते, फळ्यावर
एका इस्पितळाची धुलाई:
धुतलेली एक चादर कितीला पडते?
लॉरेन कझ्मारेक बसल्या जागेवरून म्हणाली,
"सर, फाटलेल्या धरल्या नाहीत तुम्ही.
शंभरात सहा फाटतात.
माझ्या रात्रपाळीत आठ."
आठ का?
"रात्री माणसं कमी असतात."
पेटवेंनी फळा पुसला, पुन्हा मांडलं.
खर्च भरून निघण्याचा बिंदू
बोटभर उजवीकडे सरकला.
माझ्या पुढच्या बाकावर नॉ एह पॉ हिनं
वहीच्या कडेला बारीक लिहिलं:
माणसंही धरायची का?

नऊ पंचावन्नला सगळे उठले.
वेळापत्रकात दहा दहा.
पंधरा मिनिटं, गुणिले पंधरा आठवडे,
गुणिले बारा विषय:
एका पदवीतून पंचेचाळीस तास गळालेले.
एवढं गणित मी कोट चढवता चढवता केलं
आणि त्यांच्या मागोमाग खाली गेले.

थांब्यावर बर्फ, पत्र्याचं छप्पर,
आणि छपराबाहेर पेटवे, टोपी न घालता,
शिकवतच होते:
आज हातात असलेला डॉलर
पुढच्या वर्षीच्या डॉलरहून जड का असतो.
नॉ एह पॉ हसली.
"निर्वासितांच्या छावणीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, सर.
सूत्र तेवढं नव्हतं."
मी लॉरेनला विचारलं, हेच कॉलेज का?
तिनं माझ्याकडे पाहिलं,
पोरानं भलतंच काही विचारावं तसं.
"तेवीस नंबर इथे थांबते."
तेवढ्यात तेवीस नंबर आलीच.
शेवटची.

रात्री हॉटेलात फॉर्म उघडला.
निकष चार, पोटकलम ब, अध्यापनाचे तास:
पूर्ण होत नाहीत.
लिहिलं. खरं होतं ते.
दयेला रकाना नसतो,
आणि ती मागितली होती कुणी?
मग शेऱ्याच्या ओळीत, बरंच थांबून:
शेवटची बस वीस मिनिटं उशिरा सोडावी.

सकाळी आमचे अध्यक्ष, गॉर्डन हेल्मकॅम्प,
चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"हे आपल्या कक्षेत येत नाही."
आणि रेघ मारली. सरळ, सवयीची.
दुसऱ्या कुणाच्या शेऱ्यावर
मीही मारली असती.

दोन वर्षांची सशर्त मान्यता मिळाली.
मी बसवाल्यांना वेगळं पत्र घातलं,
साध्या कागदावर, घरच्या पत्त्यानं.
मार्चमध्ये उत्तर आलं, सभ्य, तीन परिच्छेदांचं:
या मार्गावर रात्री प्रवासी थोडे,
खर्च भरून निघत नाही,
सोबत तक्ता जोडला आहे.

जेवणाच्या टेबलावर ताट बाजूला सारून
मी तक्ता पाहिला, रकाना रकाना.
बेरीज बरोबर होती.

फाटलेल्या धरल्या नव्हत्या.